उज्जयिनीचा वारा आणि चार पर्वत

सह्याद्री पावसाळी ढग अडवतो, त्यामुळे कोकणात पाऊस पडतो व देश कोरडा राहतो, अशा आशयाचे वाक्य आपण सर्वांनी भूगोलाच्या तासाला पाठ केलेले असते. ते खोटे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या सत्याने मनाचे असे समाधान होते की पुढे विचार करण्याची गरजच वाटेनाशी होते. पर्वत जर केवळ भिंतीप्रमाणे ढग अडवीत असेल, तर पाऊस भिंतीशीच पडावयास हवा. प्रत्यक्षात मोसमी पाऊस किनाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रावरच सुरू झालेला असतो. भिंतच असेल, तर ती ढगांना पलीकडे जाऊ देणार नाही. परंतु पुण्याच्या आकाशात आषाढभर ढगांची दाटी असते आणि पाऊस मात्र भुरभुरता पडतो. हिमालयाच्या पायथ्याशी ज्या दिवसांत पाऊस कोसळतो, पुष्कळदा नेमक्या त्याच दिवसांत माळव्यातील शेतकरी कोरड्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. भिंतीच्या कल्पनेने यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही.

उज्जैनच्या माधवनगरात राहणाऱ्या वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असले, तरी शहराच्या आसमंतात ज्याला पर्वत म्हणावे असे काही नाही. तथापि या शहरावरून वाहणारा वारा एका नव्हे, चार पर्वतांनी घडविलेला आहे. पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ प्रदेश, सह्याद्री, विंध्य-सातपुडा आणि हिमालय हे ते चार होत. त्यांचे कार्य समजून घ्यावयाचे, तर आरंभ पर्वतापासून न करता हवेपासून करावा लागतो.

वातावरण म्हणजे हवेचा एकजिनसी साठा नव्हे. ते थरांचे बनलेले आहे. जड हवा खाली आणि हलकी वर अशी त्याची रचना असते. या रचनेत एक प्रकारचे स्थैर्य आहे. कोरड्या हवेचा एखादा गोळा आपण एक किलोमीटर वर उचलला अशी कल्पना करू. वर दाब कमी असल्यामुळे तो प्रसरण पावतो आणि प्रसरणामुळे सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होतो. सभोवतालची हवा मात्र त्या उंचीवर सरासरीने साडेसहा अंशांनीच थंड असते. म्हणजे उचललेला गोळा शेजारच्या हवेहून साडेतीन अंशांनी थंड, अतएव जड ठरतो व खाली येऊ लागतो. येताना तो आपल्या मूळ जागेवर थांबत नाही. झोपाळ्याप्रमाणे तिच्याही खाली जातो, तेथे भोवतालापेक्षा उष्ण व हलका होऊन पुन्हा वर येतो. या हेलकाव्याला नेहमीच्या परिस्थितीत सुमारे दहा मिनिटे लागतात. फिनलंडचे वैसाला यांनी १९२५ मध्ये आणि इंग्लंडचे ब्रंट यांनी १९२७ मध्ये हे दोलन गणिताने मांडले, म्हणून ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

या दहा मिनिटांत पर्वत आणि वारा यांच्या संबंधाचे मर्म साठविलेले आहे. वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर एका दोलनाच्या अवधीत तो सुमारे सहा किलोमीटर पुढे जातो. गणित असे सांगते की, वारा स्वतःच्या वेगाच्या बळावर जितकी उंची चढू शकतो ती या लांबीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी असते. म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा सुमारे एक किलोमीटर चढेल; २० मीटर वेगाचा वारा दोन किलोमीटर. पर्वत याहून ठेंगणा असेल, तर वारा त्याच्यावरून जातो. उंच असेल, तर खालच्या थरांतील हवेला वर जाण्याचे बळ उरत नाही. ती पर्वतापुढे मंदावते, साचते आणि कडेने वाट काढते. हवेचे स्थैर्य वाढले की ही मर्यादा खाली येते, आणि कमी झाले की वर जाते. म्हणून एखादा पर्वत उंच की ठेंगणा, हे केवळ मीटरांत सांगता येत नाही. एकच डोंगर एका वाऱ्याला उंबरठा असतो आणि दुसऱ्याला तट.

आता पहिल्या पर्वताकडे वळू. उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिण गोलार्धातील आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतात. त्यांच्या पश्चिमेस केनिया व इथिओपिया यांचे दोन-तीन हजार मीटर उंचीचे प्रदेश उभे आहेत. आपल्या हिशेबाप्रमाणे या वाऱ्यांच्या खालच्या थरांना ते चढणे शक्य नसते. त्यामुळे हवा डोंगरांच्या पूर्व कडेला दाटते, तेथे वेग घेते आणि पृथ्वीच्या परिवलनाने उजवीकडे वळत सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरते. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर वाहणारा हा अरुंद व वेगवान स्रोत भारतीय द्वीपकल्पावर कसा येतो, हे पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखविले. आणि त्याचा आफ्रिकेकडील मार्ग फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये विशद केला. आपल्या मृगाच्या पावसाची दिशा अशा रीतीने हजारो किलोमीटर दूर असलेल्या डोंगरांनी ठरविलेली असते. नदीला जसा काठ, तसा या वाऱ्याला आफ्रिकेचा पर्वत.

हा वारा बाष्पाने भरून सह्याद्रीपुढे येतो. सह्याद्रीचा माथा सरासरीने एक किलोमीटरच्या आसपास आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याची मर्यादाही साधारण एक किलोमीटरच, हे आपण वर पाहिले. म्हणजे येथे प्रकरण अगदी सीमारेषेवर आहे, आणि निकाल लागतो तो बाष्पामुळे. ओली हवा वर चढून थंड झाली की बाष्पाचे पाणी होते व त्यातील सुप्त उष्णता मोकळी होते. त्यामुळे ढगातील हवा किलोमीटरमागे दहा अंशांऐवजी चार-पाच अंशांनीच थंड होते. भोवतालच्या हवेहून ती फारशी जड होत नाही. तिला खाली ओढणारे बळ जवळजवळ नाहीसे होते. कोरड्या वाऱ्याला जो चढ कठीण जाईल, तोच ओला वारा सहज चढतो. ढग अडवले गेल्यामुळे पाऊस पडतो असे आपण म्हणतो. खरे पाहता ढग बनतो म्हणूनच वाऱ्याला डोंगर चढता येतो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ढग बनण्यापूर्वीचा अगदी खालचा थर मात्र काही अंशी अडतो. तो किनाऱ्याच्या अलीकडेच मंदावतो आणि मागून येणाऱ्या हवेला त्याच्यावर चढावे लागते. म्हणूनच पावसाला समुद्रावरच सुरुवात होते, असे प्रतिपादन ग्रॉसमन व ड्युरन यांनी १९८४ मध्ये केले. आपल्याकडील आर. पी. सरकार यांनी १९६० नंतरच्या दशकात सह्याद्रीच्या छेदावर हवेच्या चढउताराचे व पावसाचे गणिती प्रतिरूप मांडले. पश्चिम घाटावरील पावसाच्या अभ्यासात ते आजही पायाभूत मानले जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरी मेघांच्या निरीक्षणासाठी स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारली. घाटमाथ्यावरचा पुष्कळसा पाऊस उंच, गडगडाटी मेघांतून पडत नसून बुटक्या ढगांतून, बारीक थेंबांनी पण अखंड पडतो. पर्वत हवेला अविरत वर ढकलीत राहतो, म्हणून हे शक्य होते.

माथा ओलांडल्यावर हवा उतरू लागते आणि सर्व व्यवहार उलट होतो. एक हिशेब मांडून पाहू. कोकणात २७ अंशांवर असलेली हवा पहिल्या ५०० मीटरांत २२ अंशांवर येते व ढग धरते. तेथून महाबळेश्वराच्या माथ्यापर्यंत किलोमीटरमागे साडेचार अंशांनी निवत ती अठरा-साडेअठरा अंशांवर पोचते. पाणी गाळून टाकून तीच हवा वाईपर्यंत सुमारे ६०० मीटर उतरली, तर ती किलोमीटरमागे दहा अंशांनी तापत २४ अंशांच्या वर जाते. डोंगर नसता, तर त्या उंचीवर ती २१ अंशांच्या आसपास राहिली असती. हे तीन अंश म्हणजे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने मागे ठेवलेली उष्णता होय. आल्प्स पर्वतातून उतरणाऱ्या ‘फेन’ नावाच्या उष्ण वाऱ्याचे कारण हान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये असेच हवेच्या उतरण्याने व दाबल्या जाण्याने सांगितले होते. तोपर्यंत तो वारा सहारा वाळवंटातून येतो अशी अनेकांची समजूत होती. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि वाईस जेमतेम ७००. रस्त्याने हे अंतर तीस-बत्तीस किलोमीटरांचे आहे. आणखी पूर्वेस माण तालुक्यात हा आकडा ५०० च्याही आत येतो. दहिवडीच्या आकाशात ढग येत नाहीत असे नाही. तेथील हवा उतरती असल्यामुळे ढगाला वाढता येत नाही.

उज्जैन समुद्रापासून दहिवडीपेक्षा दुपटीहून अधिक दूर आहे. तरीही येथे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. असे का? सह्याद्रीची रांग तापीच्या खोऱ्याजवळ संपते. तिच्या उत्तरेस गुजरातच्या सखल भागातून नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांची दारे पूर्वेकडे उघडलेली आहेत. जी हवा या दारांतून आत येते, तिला सह्याद्रीचा कर द्यावा लागत नाही. पुढे तिला विंध्याचा कडा लागतो. महेश्वराजवळ नर्मदेचे खोरे दीडशे मीटरांच्या आसपास आहे आणि मांडवगडचा माथा सहाशेंहून थोडा अधिक. हा चार-साडेचारशे मीटरांचा चढ मोसमी वाऱ्याच्या मर्यादेच्या आत आहे. हवा तो सहज चढते आणि वर आल्यावर तिला तितकेसे उतरावे लागत नाही. कारण पलीकडे दरी नाही, पठार आहे. पाणी ओतून टाकण्याइतका हा चढ मोठा नाही आणि छाया पाडण्याइतका उतार पलीकडे नाही. माळव्याच्या मध्यम व बहुतेक वेळा पुरेशा पावसाचे हे एक कारण होय.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण पूर्वेकडे आहे. बंगालच्या उपसागरात उत्पन्न होणारी कमी दाबाची क्षेत्रे पश्चिम-वायव्य दिशेने मध्य भारतावरून सरकतात आणि माळव्याच्या मोठ्या पावसाचा पुष्कळसा भाग त्यांच्याबरोबर येतो. त्यांच्या वाटेवर सातपुड्यातील पंचमढी उभी आहे. हजार मीटरांहून किंचित उंच असलेल्या त्या ठिकाणी वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक हे मत स्वीकारले, तर मेघदूतातील मेघाचा उज्जयिनीपर्यंतचा प्रवास स्थूलमानाने याच दिशेचा आहे. कवीला वायुभाराचे ज्ञान होते असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. परंतु आकाश डोळसपणे पाहणाऱ्याला मेघ कोणत्या अंगाने येतात हे ठाऊक होते, एवढे खास म्हणता येईल.

ही क्षेत्रे पश्चिमेकडे का सरकतात, याच्या उत्तरात चौथा पर्वत येतो. हिमालय सहा ते आठ किलोमीटर उंच. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ओला असला तरी त्याच्यापुढे त्याचे काही चालत नाही. उपसागरावरून उत्तरेस जाणारी हवा हिमालयाच्या पायथ्याशी येऊन डावीकडे वळते आणि गंगेच्या मैदानातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. उत्तरेत जिला पुरवाई म्हणतात तो हा वारा. त्याच्या दक्षिणेस कमी दाबाचा एक लांबट पट्टा राजस्थानपासून उपसागराच्या शिरोभागापर्यंत पडलेला असतो आणि हा पट्टा जेथे, तेथे पाऊस. कधी कधी हा पट्टा उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन भिडतो. मग डोंगर चढणाऱ्या हवेतून तराईत धो धो पाऊस होतो, नद्यांना पूर येतात आणि मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. श्रावणात असा खंड दोन आठवडे लांबला, तर माळव्यातील सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत. त्या शेतकऱ्याचे वर्ष हिमालयाच्या पायथ्याशी ठरत असते.

हिमालयाचे दुसरे कार्य अधिक मूलगामी आहे. तिबेटचे उंच पठार उन्हाने तापते व त्यामुळे मोसमी वारे ओढले जातात, असे पुष्कळ काळ मानले जात होते. बूस व क्वांग यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, गणिती प्रतिरूपातून पठार काढून टाकून केवळ हिमालयाची अरुंद रांग ठेवली, तरी भारतीय मोसमी पावसाचा जोर बव्हंशी टिकतो. उत्तरेकडील थंड व कोरडी हवा दक्षिणेकडील उष्ण व ओल्या हवेत मिसळू न देणे, हेच त्या रांगेचे प्रमुख कार्य दिसते. म्हणजे येथे भिंतीची उपमा खरी ठरते. मात्र ही भिंत ढगांपुढे नसून दोन हवामानांच्या मध्ये उभी आहे.

आतापर्यंत आपण चढणारी आणि अडणारी हवा पाहिली. हवा पर्वत ओलांडते तेव्हा आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. माथ्यावरून उतरलेली हवा झोपाळ्याप्रमाणे खाली-वर होत पुढे जाते आणि पर्वतामागे लाटांची माळ तयार होते. दहा मिनिटांच्या दोलनात सहा किलोमीटरांची वाटचाल, म्हणून लाटेची लांबीही साधारण तेवढीच. वारा दुप्पट वेगाचा असेल तर बारा किलोमीटर. ओढ्यातील धोंड्यामागे पाणी उंचसखल होते आणि वाहत्या पाण्यातही लाट जागच्या जागी उभी राहते, तसेच हे आहे. लाटेच्या माथ्यावर हवा निवून ढग होतो व पुढच्या उतारात विरतो. त्यामुळे भिंगाच्या आकाराचा एक स्थिर ढग दिसतो. वारा त्याच्यातून वाहत असतो, ढग मात्र हलत नाही. वाऱ्याचा वेग उंचीबरोबर वाढत असेल, तर या लाटा पर्वतामागे दूरवर टिकतात, हे स्कोरर यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले. भारतात सरकार यांनी सह्याद्रीवरील आणि पी. के. दास यांनी वर्तुळाकार पर्वतामागील अशा लाटांचा गणिती विचार केला.

या लाटा दिसावयास सुंदर असल्या तरी निरुपद्रवी नाहीत. त्यांच्याखाली हवेचे प्रचंड भोवरे फिरत असतात आणि पुष्कळदा आकाश निरभ्र असल्यामुळे वैमानिकाला त्यांची चाहूलही लागत नाही. ५ मार्च १९६६ रोजी जपानमधील फुजी पर्वताच्या वातविमुख बाजूस एक ब्रिटिश प्रवासी विमान अशाच तीव्र खळबळीत सापडून हवेतच मोडले आणि त्यातील सर्व १२४ माणसे मृत्यू पावली. उलटपक्षी, याच लाटांच्या चढत्या अंगावर स्वार होऊन २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात अँडीज पर्वतामागे दोन वैमानिकांनी बिनइंजिनाचे विमान २३ किलोमीटरांहून अधिक उंचीवर नेले. काही लाटा वर जाताना विरळ हवेत मोठ्या होतात आणि अखेर किनाऱ्यावरच्या लाटेप्रमाणे फुटतात. फुटताना त्या वरच्या वाऱ्याचा वेग रोखतात. पर्वत आपल्या माथ्याहून कितीतरी उंचावर वाहणाऱ्या वाऱ्याला अशा रीतीने लगाम घालतो. हवामानाच्या गणिती प्रतिरूपांत हा लगाम १९८० नंतरच्या दशकात धरला जाऊ लागला. तोपर्यंत त्यांतील पश्चिमी वारे वाजवीपेक्षा प्रबळ निघत असत.

वारा निजला असतानाही भूमीचा उंचसखलपणा आपले काम करीतच असतो. माळव्याची शीतल रात्र, अर्थात ‘शब-ए-मालवा’, लोकप्रसिद्ध आहे. निरभ्र रात्री पठाराची जमीन झपाट्याने निवते आणि तिला लागून असलेली हवा थंड व जड होते. खाली थंड आणि वर उष्ण असा हा उलटा थर हवेचे स्थैर्य इतके वाढवतो की, एखाद्या टेकडीचाही तट होतो. थंड हवा पाण्याप्रमाणे उतारांवरून ओघळून सखल जागी साचते. हिवाळ्यात येथील शेतकरी ज्याला ‘पाला मारला’ म्हणतो, तो हिवाचा तडाखा प्रथम खोलगट शेतातील हरभऱ्याला बसतो आणि उंचवट्यावरचे पीक पुष्कळदा वाचते, त्याचे कारण हेच. शहरातील चुलींचा व वाहनांचा धूर पहाटे जमिनीलगत रेंगाळतो, तोही या थराखालीच कोंडलेला असतो. दिवसा वारा सुटला की मग टेकड्यांच्या माथ्यांवर हवा दाटीने वेग घेते. साताऱ्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आणि देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्या याच लाभासाठी.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. पावसाचे भाकीत वर्तविणारी यंत्रे पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पून गणित करतात. चौकोन मोठा असला की त्यात सह्याद्रीचा कडा सपाट होऊन केवळ एक फुगवटा उरतो, आणि महाबळेश्वर व वाई यांचा पाऊस एकच निघतो. मे २०२५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाने पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली नवी प्रणाली स्वीकारली. तिचा चौकोन सहा किलोमीटरांचा आहे. पूर्वीच्या बारा किलोमीटरांपेक्षा हे पाऊल निश्चितच पुढचे होय. परंतु मघाशी आपण पाहिले की, सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यातील गिरितरंगही सहाच किलोमीटरांचा असतो. आणि एक लाट पकडावयाची तर तिच्या लांबीत अनेक बिंदू असावे लागतात. ज्या दरीत आज ढग फुटणार आणि ज्या तालुक्यात तो विरणार, त्यांच्यातील अंतर अद्याप पुष्कळदा यंत्राच्या जाळीतून निसटते.

म्हणून शाळेतील वाक्य थोडे बदलून शिकवावे असे वाटते. पर्वत ढगांना अडवीत नाही. तो हवेला उचलतो, वळवतो, दाबतो आणि हेलकावतो, आणि यांपैकी काय करावयाचे ते हवेच्या थरांनी व तिच्या ओलाव्याने ठरते. असे शिकलेल्या मुलाला माणच्या दुष्काळात दैवाचा कोप दिसणार नाही आणि तेथे वर्षाला किती पाणी येईल याची अवास्तव आशाही तो धरणार नाही. जी हवा उतरताना पाऊस देत नाही, तिच्याकडे तो मागण्यापेक्षा पडलेला थेंब जिरवणे व साठवणे शहाणपणाचे, हे त्याला उपदेशावाचून कळेल. आणि माळव्यात श्रावण कोरडा जाऊ लागला, तर त्याची नजर पश्चिमेच्या समुद्राकडे न जाता उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याकडे जाईल.